बेळगाव सीमाभागातील मराठी शाळांच्या इतिहास शिक्षकांना खुले पत्र : राज्य कोणत्या रीतीने घेतले, ते शिकवा

सन्माननीय गुरुजन,

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी भागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत जे दहावीला इतिहास शिकवतात, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. समाज विज्ञानाच्या पुस्तकात तैनाती फौज, म्हणजे राजाच्या खर्चाने त्याच्या राज्यात ठेवलेली कंपनीची फौज, येते, दत्तक वारसा नामंजूर येतो, कित्तूर, संगोळ्ळी रायण्णा आणि हलगलीचे बेडर येतात. मुले साल पाठ करतात, दोन गुणांचे उत्तर लिहितात आणि पुढच्या धड्याला लागतात. इंग्रजांनी राज्य जिंकले एवढे त्यांना कळते. ते कोणत्या रीतीने घेतले आणि कशासाठी घेतले, हे कळत नाही. याचे पुरावे मात्र आपल्या तालुक्यांतच आहेत. कित्तूरचा किल्ला धारवाडच्या रस्त्यावर तासाभरावर आहे. रायण्णाला फाशी दिले ते नंदगड खानापूर तालुक्यात आहे. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना १२ जून १८५८ रोजी फाशी दिली, ती बेळगावात.

तैनाती फौजेपासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेक वर्गांत गाडी अडते. व्याख्या लिहून देऊ नका, हिशोब मांडा. फळ्यावर एक काल्पनिक राज्य घ्या. वर्षाचे उत्पन्न १०० रुपये. स्वतःच्या फौजेला ५०, दरबार आणि कारभाराला ४०, शिल्लक १०. आता ईस्ट इंडिया कंपनीची फौज आली, तिचा खर्च २५. लगेच १५ ची तूट. राजा आपले स्वार कमी करतो, फौजेचा खर्च ३५ वर आणतो, हिशोब कसाबसा जुळतो. पुढच्या वर्षी पाऊस दगा देतो आणि उत्पन्न ८० वर येते. तूट २०. कंपनीला पैसा रोख आणि ठरल्या तारखेला हवा असतो. राजाचा वसूल पीक हाती आल्यावर हप्त्याहप्त्याने येतो. थकबाकी साठत जाते. मग कंपनी सांगते, रोख राहू द्या, २५ रुपये उत्पन्नाचा मुलूखच तोडून द्या. उरले ७५, आणि खर्चही बरोबर ७५. वाईट वर्षासाठी एक रुपयाही हाताशी नाही. कामावरून काढलेले स्वार घोडा आणि हत्यार घेऊन मुलखात फिरतात, लूटमार वाढते, वसूल आणखी खाली जातो. ती अव्यवस्था दाखवून कंपनी पुढची अट घालते. मुलांनी हा हिशोब स्वतःच्या हाताने केला, की तैनाती फौज पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर खरे आकडे द्या. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे किमान ६,००० पायदळ कायमचे ठेवून घेतले आणि त्याच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख दिला. अवधच्या नवाबाचे १८०१ मध्ये जवळजवळ अर्धे राज्य गेले. निजामाने टिपूकडून वाट्याला आलेला बळ्ळारी-कडपाचा मुलूख १८०० मध्ये फौजेच्या खर्चापोटी देऊन टाकला. त्या मुलखावर मुख्य कलेक्टर म्हणून नेमला गेला थॉमस मन्रो, आणि हाच मन्रो १८१८ मध्ये बेळगावच्या किल्ल्यासमोर उभा होता.

इथे एखादे चुणचुणीत पोर हमखास विचारते, "पेशव्यांना हे कळत नव्हतं का?" कळत होते. पण ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला होता आणि बाजीराव पुणे सोडून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. अशा माणसापुढे कागद ठेवला की तो सही करतो. कंपनीची रीत अशीच होती. दोन सत्ताधीशांच्या भांडणाची वाट पाहायची आणि हरणाऱ्याला संरक्षण विकायचे.

मन्रोने हा भाग कसा घेतला, यावर एक तास जरूर द्या. त्याच्याकडे कवायती फौज थोडी होती. त्याने धारवाडात बसून स्थानिक शिपाई भरती केले आणि पेशव्यांच्या परगण्यांत आपले अंमलदार पाठवले. त्यांचे पहिले काम वसूल जमा करण्याचे होते. म्हणजे पेशव्यांकडे जाणारा सारा मधेच वळवला गेला आणि त्याच पैशावर पुढची मोहीम चालली. ज्या गावाने नव्या अंमलदाराकडे पट्टी भरली, त्याने नवा धनी मान्य केल्यासारखेच झाले. बेळगावचा किल्ला तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर १० एप्रिल १८१८ रोजी पडला. किल्ल्यातल्या लोकांनी झुंज दिली, हे सांगाच. पण तोवर भोवतालच्या गावांचा वसूल किल्ल्याकडे यायचा थांबलेला होता, हेही सांगा.

बेळगावात छावणी का पडली, हा प्रश्न नकाशावर सोडवता येतो. पश्चिमेला पोर्तुगीजांचा गोवा, उत्तरेला कोल्हापूर, भोवती पटवर्धन आणि इतर जहागीरदार, दक्षिणेला कित्तूर. वेंगुर्ले बंदर सावंतवाडीकडून १८१२ मध्येच घेतले होते. कारण सांगितले होते समुद्रावरच्या चाचेगिरीचे. त्या बंदरात उतरलेली माणसे आणि सामान रामघाटाने वर चढून थेट बेळगावला येई. विद्यार्थ्यांना नकाशावर बंदर, घाट आणि छावणी एका रेषेत जोडायला लावा.

आता कित्तूर. आमची खरी तक्रार इथे आहे. आपल्या कित्येक मराठी वर्गांत कित्तूरची राणी चन्नम्मा आणि रायण्णा भरभर उरकले जातात. 'तो त्यांचा इतिहास' असे कोणी तोंडाने म्हणत नाही, पण दिलेला वेळ तेच सांगतो. सीमाप्रश्नाची जखम आम्हाला ठाऊक आहे, आणि मराठी शाळा कशा टिकवाव्या लागतात तेही ठाऊक आहे. तरीही विनवणी करतो, की हा धडा त्या वादात सापडू देऊ नका. कंपनीच्या कागदांत कोल्हापूर, निपाणी, कित्तूर, नरगुंद, सांगली हा सगळा टापू 'सदर्न मराठा कंट्री' या एकाच नावाखाली येतो. देसाई कन्नड बोलत होता की मराठी, याने कलेक्टरच्या निर्णयात फरक पडला नाही. फरक पडला तो वारस आहे की नाही, सनद आहे की नाही आणि मुलखाचा आकार किती, याने.

कित्तूरचा क्रम असा. १२ सप्टेंबर १८२४ रोजी शिवलिंगरुद्र सर्ज वारले. दत्तक घेतल्याचे धारवाडचे कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे यांना कळवले गेले. त्यांनी दत्तकाच्या कागदावर शंका घेतली, आधी परवानगी नव्हती असा मुद्दा काढला, आणि वरून हुकूम येईपर्यंत म्हणून खजिन्याला सील ठोकून आपला पहारा बसवला. निकाल अजून यायचा होता, ताबा मात्र आधीच गेला होता. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचा दरवाजा उघडण्याच्या हट्टातून चकमक झाली आणि थॅकरे मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आणून किल्ला घेतला. चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत राहिल्या आणि १८२९ मध्ये तिथेच वारल्या. मुलांनी वहीत पाच शब्द ओळीने लिहावेत : मृत्यू, दत्तक, शंका, सील, फौज. मग त्यांना हा क्रम दुसऱ्या संस्थानांशी पडताळू द्या. निपाणीच्या सिद्धोजीराव निंबाळकरांचा सरंजाम १८३९ मध्ये वारसाअभावी गेला, कुलाब्याचे आंग्र्यांचे राज्य १८४० मध्ये, सातारा १८४८ मध्ये. कित्तूर आणि नरगुंदात फौज आली. दत्तक वारसा नामंजूर म्हणजे डलहौसी, असे उत्तर गाईडमध्ये असते. डलहौसी १८४८ ला आला. आपल्या भागात ही रीत त्याच्या 24 वर्षे आधी वापरून झाली होती.

तिच्यामागची युक्तीही समजावून द्या. पेशवाईत जहागीरदार गादीवर बसताना वरिष्ठ सत्तेला नजराणा देई आणि मंजुरी घेई. मंजुरी मिळायचीच, प्रश्न रकमेचा असायचा. कंपनीने पेशव्यांचा वारसा सांगून ही मंजुरी आपल्या हाती घेतली आणि ती नाकारण्याचा हक्क तिच्यातून काढला. दत्तक पुत्राला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही, असा भेद केला. जुन्या रिवाजाचा शब्द तोच राहिला, अर्थ उलटा झाला. 

रायण्णा शेतसनदी होता. पगाराऐवजी जमीन, आणि त्याबदल्यात गावाची व किल्ल्याची चाकरी, असा तो हक्क. चाकरी संपली म्हणून जमिनीवर आकारणी बसली की अशा माणसाचे पोटच जाते. त्याच्या टोळीने १८३० मध्ये बिडी गावातली सरकारी कचेरी जाळली. कचेरी का, वाडा का नाही, हे वर्गाला विचारा. ज्या दप्तरात जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाते, ते दप्तर त्या कचेरीत होते. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी दिले. १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकरी उठले, त्यांचेही दुखणे हेच होते. वंशपरंपरेने गड राखणाऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या अंमलाखाली आणल्या गेल्या. तो उठाव मोडायचा खर्च कोल्हापूर दरबाराच्या अंगावर टाकण्यात आला.

इनाम चौकशी, म्हणजे सारामाफीच्या जमिनींच्या हक्कांची तपासणी, पुस्तकात एका ओळीत आटोपते. आमच्या मते या भागासाठी ती वसईच्या तहाइतकी महत्त्वाची आहे. चौकशी १८४३ च्या सुमारास याच दक्षिण मराठा मुलखात सुरू झाली आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने तिला धार आली. रीत अशी होती. इनामदाराला नोटीस जाते. मूळ सनद, भोगवट्याचा पुरावा आणि वंशावळ घेऊन तो हजर होतो. त्याचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहतात. नोंद जुळली नाही तर सिद्ध करण्याचा भार इनामदारावर, सरकारवर नाही. अंमल येण्याआधी ६० वर्षांचा अखंड भोगवटा, हा मुख्य मापदंडांपैकी एक. १८१८ मधून ६० वजा करा, १७५८ येते. शंभर वर्षांपूर्वीचा मोडीतला किंवा कानडी कागद वाळवी, पाऊस, आग, भाऊबंदकी आणि टिपू-पेशव्यांच्या स्वाऱ्या यांतून वाचलेला असला पाहिजे. नेहमीच्या दिवाणी कोर्टात दाद मागायची सोय नव्हती, अपील सरकारकडेच. इतिहासकार जो आकडा देतात तो असा : सुमारे ३५,००० इनामांची चौकशी झाली आणि २१,००० जप्त झाली. खोट्या सनदाही त्यात होत्या, हे मुलांपासून लपवू नये. पण खऱ्या हक्काचा माणूसही केवळ कागद हरवला म्हणून बुडत होता. १८५७ साली या भागात देसाई, कुलकर्णी, वतनदार इतके अस्वस्थ का होते, याचे उत्तर इथे सापडते. त्यावर हत्यारबंदीचा कायदा आला. हलगलीच्या बेडरांनी हत्यारे द्यायचे नाकारले आणि नरगुंदकरांचा दत्तक आधीच नाकारलेला होता.

इंग्रजांच्या जमीन मोजणीचा पाठ मैदानात घ्या. खर्च एका दोरीचा आहे. ३३ फूट सुती दोरी घ्या, ताणली की वाढणार नाही अशी. नायलॉन घेऊ नका. उन्हात ताणली की माप चुकते आणि मुले भांडत बसतात. दोरीचे १६ आणे करायचे म्हणजे दर २ फूट पाऊण इंचावर गाठ किंवा खूण. या दोरीने चौकोन आखा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. कोपरे काटकोनात आले नाहीत तर क्षेत्र कमी भरते, म्हणून दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का ते पाहा. कर्ण सुमारे ४६ फूट ८ इंच यायला हवा. घरच्या उताऱ्यावर गुंठे दिसतात ते कुठून आले, हे त्या क्षणी मुलांना कळते.

मग प्रतबंदी, म्हणजे सारा ठरवण्यासाठी मातीची प्रत लावणे. कोरडवाहू जमिनीचे ९ वर्ग होते, १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत. काळी, बारीक पोताची माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे. खोली पाव-पाव हात घटली की प्रत उतरते : दीड हाताला १४, सव्वा हाताला १२, एक हाताला १०. तीच पावणेदोन हात खोली, पण माती तांबडी, तर सुरुवातच १४ आण्यांपासून. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे, ओढ्याने धुपणे अशा प्रत्येक दोषाला एक वर्ग खाली. भाताच्या खाचरांची प्रतबंदी वेगळी असे, म्हणून खानापूरच्या शाळांनी हा तक्ता भाताला लावू नये. बैलहोंगल-गोकाककडच्या काळ्या रानाला तो चपखल बसतो. आवारात हातभर खड्डा खणून मातीची प्रत ठरवायला लावा.

गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवलेली ही पद्धत कष्टाने आणि बारकाईने केलेली होती, आणि पुष्कळ ठिकाणी तिने आधीचे न झेपणारे दर खाली आणले. ते प्रामाणिकपणे सांगावे. बिघडले ते दुसरीकडे. आकार, म्हणजे जमिनीचा सारा, ३० वर्षांसाठी ठरला, रोखीत ठरला आणि एकेका खातेदाराच्या नावावर ठरला. पूर्वी वाईट वर्षी गाव मिळून सूट मागे, पाटील-देसाई मधे पडत. आता तारीख आली की पैसा हवा, पीक असो वा नसो. पैसा सावकाराकडून येई, आणि जमीन खातेदाराच्या एकट्याच्या नावावर असल्याने तीच गहाण पडे. जगात इतरत्रही रोख कराचा असाच उपयोग झाला. सिएरा लिओनमध्ये झोपड्यांवर कर बसवला तेव्हा १८९८ मध्ये उठाव झाला. जावात डचांनी १८३० पासून गावाची पाचवा हिस्सा जमीन निर्यातीच्या पिकाखाली घालायला लावली. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर आफ्रिकेत टोळीप्रमुखांच्या सह्या ज्या कागदांवर घेतल्या, त्यांची भाषा त्यांना वाचताही येत नव्हती.

हेतू शिकवताना 'व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले' हे वाक्य शक्यतो टाळा. ते ऐकून सगळे चुकून घडले असे वाटते. १७६५ ला बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनी तिथल्या साऱ्यातूनच माल विकत घेऊन विलायतेला पाठवू लागली. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला, तरी भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश द्यायचा ठरला, वर्षाला ६,३०,००० पौंड, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून. १८७४ पर्यंत तो चालू राहिला. कित्तूरचा, निपाणीचा, इनामांचा प्रत्येक रुपया ज्या तिजोरीत पडला, तिच्यातूनच हा लाभांश गेला.

कापसाचा हेतू आपल्या भागात डोळ्यांनी दिसतो. धारवाडकडे अमेरिकन बियाणे आणून रुजवले, कारण लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस अडला. १८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आणला गेला, कारवार बंदर आणि घाटरस्ते धारवाडच्या कापसासाठी तयार व्हावेत म्हणून. जिल्ह्याची हद्द कोणाच्या सोयीने सरकते, याचे हे उदाहरण सीमाभागातल्या मुलांना फार लवकर समजेल. रेल्वेही तशीच. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये निघाली, १८८७ ला गाडी बेळगावला आली, लोंढ्यावरून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराला जोड मिळाली. भांडवलावर ठरावीक व्याजाची हमी सरकारची, म्हणजे करदात्याची. नफा झाला तर भागधारकांचा. गोव्याशी १८७८ चा करार झाला, तेव्हा पोर्तुगीजांनी मिठाचा मक्ता इंग्रजांना दिला आणि त्याबदल्यात वर्षाला ४ लाख रुपये घेतले. मिठागरे ओस पडली त्या आगरी माणसाला त्यात विचारले नव्हते.

शेवटी फितुरीबद्दल. प्रत्येक लढाईचे कारण फितुरी असे मुले लिहितात आणि आपणही गुण देतो. फितूर प्रत्येक दरबारात होते. या काळात ते कंपनीकडेच का गेले, एवढा पुढचा प्रश्न विचारा. कंपनीचा शिपाई महिन्याच्या महिन्याला पगार घेत होता. संस्थानिकाचा स्वार वर्ष-वर्ष थकबाकीत होता. ती थकबाकी कशी झाली, याचे उत्तर फळ्यावरच्या पहिल्या हिशोबात आहे.

हा सगळा भाग चार तासांत बसतो : तैनाती फौजेचा हिशोब, कित्तूरचा क्रम, इनामाची सुनावणी आणि मैदानातली मोजणी. सुनावणीला तीन मुले चौकशी अधिकारी, तीन इनामदार करा. एका इनामदाराला पूर्ण सनद द्या, दुसऱ्याला अर्धी फाटकी, तिसऱ्याला नुसती आजोबांची आठवण. मराठी शाळेत कन्नड शिकवणाऱ्या मास्तरांना या तासाला जरूर बसवा. कडतातले, म्हणजे जुन्या कापडी वहीतले, कानडी शब्द तेच वाचून देऊ शकतील. मोडी सनदेची नक्कल, प्रतबंदीचा तक्ता आणि गाठी मारलेली दोरी आम्ही घेऊन येऊ. शनिवारची सकाळची शाळा आम्हाला सोयीची आहे. जून ते सप्टेंबर मात्र खानापूर भागात मैदानात काही करता येत नाही, म्हणून मोजणीचा तास दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवावा आणि बाकीचे तीन त्याआधी उरकावेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
बेळगाव-खानापूर भागातील इतिहास आणि जमीन दप्तराचे काही अभ्यासक